अरुंद वाफ्यातली हिरवी भिंत खालून उघडी पडत होती, ती अशी भरली

कुंपणालगत झुडपांची दाट हिरवी भिंत (हेज) करायची होती, पण वाफा जेमतेम 50 सेंमी रुंद. जास्वंद फोफावून वाटेवर यायची. दुरांटा (हेजसाठी लावतात ते एक झुडूप) दोन ओळींत लावला, तर आतली ओळ उजेडाअभावी खालून बोडकी. फार वैताग आला.

शेवटी कामिनी (कुंती) जमली. ती सावकाश वाढते, छाटणी सोसते.

आधी जुनी मुळं काढून माती भुसभुशीत केली, शेणखत मिसळलं. मग एकच ओळ, कुंपणापासून 25 सेंमीवर, दोन रोपांत 40 सेंमी. रोपं रुजल्यावर शेंडे 30 सेंमीवर खुडले. जीव कासावीस होतो, पण बाजूच्या फांद्या त्यामुळेच फुटतात. पुढची प्रत्येक छाटणी तळाशी रुंद, वर निमुळती, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. भिंतीचं कुंपण असेल तर त्या बाजूची माती लवकर सुकते, तिथे पाणी मुद्दाम द्या.