शी रोखून धरणारं लेकरू: आधी दुखणं थांबवा, पॉटी नंतर

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिज आणि भिंतीच्या मध्ये हातभर जागा आहे. गेल्या मे महिन्यात आमची चिऊ, वय दोन वर्षं नऊ महिने, दिवसातून चार-पाचदा तिथे जाऊन उभी राहायची. टाचा उचललेल्या, पायात पाय आवळलेले, एक हात फ्रिजच्या हँडलला, तोंड लालबुंद. मी, बायको आणि माझी आई तिघंही बाहेरून ओरडायचो, "हां, शाब्बास, जोर कर!" आम्हाला वाटायचं पोरगी कुंथतेय. प्रत्यक्षात ती येणारी शी सगळी ताकद लावून आत रोखत होती. हे कळायला आम्हाला पाच आठवडे लागले. तुम्हाला तेवढे लागू नयेत.

ओळखायचं कसं? ज्याला खरंच शी करायची आहे ते मूल गुडघे वाकवतं, उकिडवं बसतं. रोखणारं मूल उलट ताठ होतं. चवड्यांवर उभं राहतं, ढुंगण आवळतं, पडद्याआड किंवा टेबलाखाली जाऊन लपतं. पुढच्या वेळी तोंडाकडे न बघता पायांकडे बघा.

आमच्याकडे सुरुवात घाईने झाली. जूनपासून प्लेग्रुप, आणि तिथे डायपर चालणार नाही असं स्पष्ट सांगितलेलं. म्हणून मे महिन्यात, नाशिकच्या ऐन उन्हाळ्यात, डायपर बंद. पोरगी पाणी प्यायची जेमतेम, दूध मात्र बाटलीने तीन वेळा. एक दिवस मोठा कडक खडा झाला, चीर पडली, पुसताना रक्ताची रेघ दिसली. त्या दिवसानंतर तिचा हिशेब सरळ होता: शी केली की दुखतं, म्हणून करायचीच नाही.

शी जितकी आत थांबते तितकं मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषतं. ती आणखी कडक आणि मोठी होते, बाहेर येताना आणखी दुखते. शिवाय गुदाशय, म्हणजे शी साठते तो आतड्याचा शेवटचा भाग, ताणून ताणून सैल पडतो आणि मग "आली" हा इशाराच मुलाला नीट मिळत नाही. म्हणजे चार वर्षांचं पोर चड्डीत करतं तेव्हा "कळत नाही का तुला?" असं विचारण्यात अर्थ नसतो. त्याला खरोखरच कळत नाही.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट पुढची. कडक गोळा अडकून बसला की त्याच्या कडेने पातळ शी झिरपायला लागते. आमच्या चड्ड्या दिवसातून चार वेळा भरू लागल्या तेव्हा आईने जुलाब समजून जायफळ उगाळून चाटवलं आणि साबुदाण्याची पेज सुरू केली. बद्धकोष्ठावर जुलाब बांधायचा इलाज! डॉक्टरांनी पोट दाबून डावीकडे खाली माझा हात ठेवला, तेव्हा लिंबाएवढं टणक काहीतरी लागलं. तोपर्यंत आमच्यापैकी कुणालाही शंका आली नव्हती. बरेच दिवस घट्ट शी नाही आणि चड्डीला सतत डाग, असं असेल तर घरी जुलाब थांबवायचं औषध देऊ नका. आधी दाखवा.

आता काय करायचं ते.

पहिलं, डायपर परत आणा. हो, परत. आईला हा पराभव वाटला, शेजारच्या काकूंना तर फारच. पण पोटात दगड असताना पॉटीवर बसायचं शिकवणं म्हणजे पाय मोडलेल्याला सायकल शिकवणं. निदान काही आठवडे प्रशिक्षण बंद.

दुसरं, साचलेलं काढणं. हे काम औषधाचं आहे, पपईचं नाही. आमच्या डॉक्टरांनी पाण्यात विरघळणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली. काही मुलांना लॅक्टुलोजचं पातळ औषध देतात. ही औषधं शीमध्ये पाणी धरून ठेवतात, आणि आतड्याला त्यांची सवय लागत नाही. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे डॉक्टरांकडूनच घ्या. पहिले चार-पाच दिवस घरात नुसता राडा असतो. सुट्टी घ्या, जुन्या चादरी काढून ठेवा. साबणाची कांडी, एरंडेल लावलेला पानाचा देठ वगैरे अजिबात नको. माझ्यावर लहानपणी हे सगळे प्रयोग झालेत, आई अभिमानाने सांगते. पण आधीच घाबरलेल्या मुलाच्या त्या जागी काहीही घालणं म्हणजे भीती पक्की करणं.

तिसरं, औषध लवकर थांबवू नका. आम्ही नेमकं तेच केलं. पंधरा दिवसांत सगळं सुरळीत, म्हणून पावडर बंद. आठव्या दिवशी चिऊ पुन्हा फ्रिजच्या कोपऱ्यात. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला वेळ लागतो. रोजचं औषध किमान दोन महिने चालतं, आणि महिनाभर काही तक्रार नसली तरच हळूहळू कमी करतात. आमचे साडेचार महिने गेले.

या काळात मी कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी शीचा आकडा लिहायचो. डॉक्टरांकडे शीच्या सात प्रकारांचा ब्रिस्टल तक्ता होता, तो मी आमच्या भाषेत आणला. एक म्हणजे शेळीच्या लेंड्या, दोन म्हणजे गाठीगाठींचा सोटा, तीन म्हणजे भेगा पडलेला, चार म्हणजे गुळगुळीत केळं, सात म्हणजे नुसतं पाणी. चार हवा, औषध चालू असताना पाच चालतो. लागोपाठ दोन-तीन दिवस एक-दोन दिसले की डॉक्टरांना फोन. चिऊला आकडे येत नव्हते, पण महिन्याभरात बाथरूममधून आरोळी यायला लागली, "बाबा, चार नंबर!" पाहुणे बसलेले असतानासुद्धा.

चौथं, बसण्याची वेळ आणि बैठक. जेवल्यावर आतडं आपोआप हलतं, म्हणून नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटं बसवा. झाली तर झाली. पाचाची पंधरा मिनिटं करू नका. कमोडवर लहान मुलाचे पाय लोंबकळतात आणि अधांतरी पायांनी कुणालाच जोर लावता येत नाही. पायांखाली पाट किंवा उपडा डबा ठेवा, गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत. खरं तर आपल्याकडची जुनी पद्धत याहून सरस आहे. आईने एक दिवस काही न बोलता मोरीत पाटावर बसून पाय पुढे पसरले आणि चिऊला दोन्ही पावलांवर उकिडवं बसवलं, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून. कमोडवर दगड होणारी पोरगी तिथे सैल पडली. जायफळाचं उट्टं आईने असं काढलं.

"जोर कर" म्हणू नका, त्याने मूल नेमकं आवळतं. हातात भिंगरी द्या, फुंकर मारायला सांगा. फुंकताना पोट आपोआप खाली दाब देतं. आमच्याकडे जत्रेतली पिपाणीही होती, पण दोन दिवसांत खालच्या मजल्यावरून निरोप आला.

डायपरशिवाय करायचीच नाही असा हट्ट असेल तर पायरीपायरीने जा. आधी डायपरमध्येच, पण बाथरूममध्ये उभं राहून. मग डायपर घालूनच पॉटीवर बसायचं. मग त्या डायपरला खालून कात्रीने भोक. हे ऐकून बायको हसत सुटली होती, पण शी पॉटीत पडली ती याच पायरीवर. भोक रोज थोडं मोठं करत गेलो, शेवटी कमरेला नुसता पट्टा उरला.

आणि एक आपल्या भाषेतली गोम. आपण मुलाला म्हणतो "शी आली का?" आणि मातीत हात घातला की म्हणतो "शी! टाक ते!" शब्द तोच, चेहरा तोच. मुलाने काय समजायचं? आम्ही किळस दाखवायला "शी" म्हणणं घरातून बंद केलं. वास आला तरी नाक मुरडायचं नाही. आजोबांना हे अजून जमलेलं नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण सल्ले देणारे यावरच अडतात. दूध दिवसाला दोन कप, साधारण 400 ते 500 मिलीच्या आत. आमच्याकडे हाच बदल सगळ्यात जड गेला, आठवडाभर रडारड. दुधाने पोट भरलं की भाकरी-भाजीला जागा उरत नाही. बिस्किटं कमी. वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका, आणि घोट घोट पाणी दिवसभर. पाण्याशिवाय चोथा वाढवला तर उलट अडकतं.

काही बाबतीत वाट पाहत बसू नका: जन्मल्यावर पहिली काळी शी 48 तासांत झाली नव्हती, पोट फुगलेलं राहतं, हिरवी उलटी होते, वजन वाढत नाही, पायांत अशक्तपणा वाटतो, ताप आहे किंवा रक्त रेघेपेक्षा जास्त आहे. यातलं काहीही असेल तर लगेच दाखवा.

प्लेग्रुपला चिऊ जूनऐवजी दिवाळीनंतर गेली. दप्तरात दोन चड्ड्या आणि भिंगरी. तिथल्या मावशींना मी एवढंच सांगून ठेवलंय की डब्यानंतर तिला पाच मिनिटं बसवा, पायांखाली काहीतरी द्या आणि दार पूर्ण लावू नका.