ट्रंकेत आत्याची जुनी प्रेमपत्रं सापडली तर ती वाचायची कशी

माळ्यावरच्या ट्रंकेत सुतळीनं बांधलेला इनलँड लेटरचा गठ्ठा सापडला की पहिलं काम म्हणजे फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. आत्या असो, मावशी असो, आधी तिला विचारा, नको म्हणाली तर गठ्ठा परत ट्रंकेत, विषय कट.

हो म्हणाली तर सावलीत बसा. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यांनी कागद पापडासारखा झालेला असतो, घडी हळूच उघडायची, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, सेलोटेप-लॅमिनेशन अजिबात नाही. फ्लॅश बंद करून दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

मग तारखा. निम्म्या पत्रांवर नुसतं 'सोमवार, रात्री' असतं, पोस्टाचा शिक्का पुसट, मग मजकुरातच शोधायचं. मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, सुकडी, म्हणजे दुष्काळी कामांवर वाटलेला पौष्टिक खाऊ, खडी फोडायची कामं आली की १९७२-७३ चा दुष्काळ. 'गड्ड्याला येशील ना' म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, संक्रांतीच्या आसपास. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, पण नसेल तर आधीचंच असं नाही, लोक लिहायचेच नाहीत. गाड्या बंद म्हणून भेट हुकली असं असेल तर मे १९७४ चा रेल्वे संप धरून बघा. आणि जून १९७५ ते मार्च १९७७ मधल्या पत्रांत एखादा राजकारणावर पानं भरणारा गडी अचानक पावसापाण्याचंच लिहायला लागला तर समजून घ्या की, आणीबाणी होती.

नावावर जाऊ नका. 'तुझी मैत्रीण कुंदा' अशी सही असते आणि अक्षर बघितलं तर कुंदाला मिशा असणार हे कळतं, पत्ताही बऱ्याचदा मैत्रिणीच्या घरचा, 'मार्फत' लिहून.

आता खरी गोम. ट्रंकेत असतात ती तिला आलेली पत्रं, तिनं लिहिलेली गेली त्याच्याकडे, म्हणजे आत्या या गठ्ठ्यात नाहीच असं वाटतं. पण असते हो. त्याच्या उत्तरांत 'तू म्हणतेस', 'तू विचारलंस', 'तुला राग आला' असं जिथं जिथं येईल तेवढंच एका वहीत तारखेनं उतरवून काढा. सुरुवातीला 'तू म्हणतेस घरचे ठरवतील ते' असेल, दोनेक वर्षांनी 'तू म्हणतेस बीएड केल्याशिवाय लग्नाचं बोलायचं नाही', मग 'एवढं कडक का लिहिलंस', आणि मायनाही बघा, 'प्रिय बाळ' वरून तो सरळ नावावर येतो, तेही बहुतेक तिनंच सुनावलं असणार. त्याच्या कविता मला विचाराल तर गाळल्या तरी चालतील, सगळ्यांच्या सारख्याच असतात.

वही झाली की ती घेऊन तिच्याजवळ बसा. 'हा कोण' हे विचारू नका, 'बीएडचं तू काय लिहिलं होतंस गं' हे विचारा आणि फोन बाजूला ठेवा.