पीसीओडीच्या गोळ्या आणि बाळाचा विचार: आधी काय आवरायचं, पुढे काय सांभाळायचं

बाळाचा विचार पक्का झाला की गर्भनिरोधक थांबवायच्या आधी घरातली सगळी औषधं एका जागी काढा. पर्समधली अर्धी स्ट्रिप, फ्रिजमधलं इंजेक्शनचं पेन, आरशापुढचं पिंपल्सचं क्रीम, केसांसाठी मागवलेल्या गमीज, कुणी मावशींनी दिलेला काढा, काहीच वगळू नका. पीसीओडीत, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते त्या विकारात, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, पुरळ आणि हनुवटीवरच्या केसांसाठी त्वचेचे डॉक्टर, शुगर-थायरॉईडसाठी फिजिशियन, वजनासाठी आणखी कुणी, असे तीन-चार जण वर्षानुवर्षं लिहीत असतात आणि एकमेकांची चिठ्ठी बहुधा कुणीच पाहिलेली नसते. मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहिलं की हे रोज दिसतं. त्यामुळे सगळी औषधं एकाच डॉक्टरांच्या नजरेखालून घालणं हे पहिलं काम आणि बाकीची तयारी त्यानंतर. शक्यतो तीन महिने हाताशी ठेवा.

यादीत नुसतं ब्रँडचं नाव लिहून भागत नाही. त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं नाव, ताकद, वेळ, कुणी लिहून दिलं आणि कशासाठी, एवढं उतरवा. क्रिमसन-३५ कित्येक घरांत ‘पीसीओडीची गोळी’ म्हणून ओळखली जाते, पण आत सायप्रोटेरॉन आणि इथिनिल इस्ट्राडायॉल आहे, म्हणजे ती घेत असताना दिवस राहणार नाहीत. ग्लायकोमेट आणि ग्लायसिफेज या दोन्ही मेटफॉर्मिनच, म्हणजे शुगरची आणि पीसीओडीतही दिली जाणारी गोळी. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी लिहिल्या तर डोस नकळत दुप्पट होतो. ग्लायकोमेटच्या पुढे जीपी छापलेलं असेल तर आत ग्लिमेपिराइडही आहे, आणि ते गरोदरपणात बदलावं लागतं.

आता थांबवायच्या औषधांकडे या, आणि इथे क्रम महत्त्वाचा. चेहऱ्यावरचे केस आणि मुरमं यांसाठी दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन पुरुषी हार्मोनला अडवते. पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत बाधा येण्याची भीती असते, म्हणून ती देताना सोबत गर्भनिरोधक दिलेलं असतं. होतं काय, बाळ हवं म्हणून बाई गर्भनिरोधक बंद करते आणि त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेली स्पायरोनोलॅक्टोन तशीच चालू राहते. हे उलटं व्हायला हवं. आधी स्पायरोनोलॅक्टोन थांबवायची, मग गर्भनिरोधक. केस गळतीसाठी फिनास्टेराइड दिली असेल तर तिलाही हाच नियम. मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइन तर याहून कडक: तिने बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, आणि शेवटची गोळी घेतल्यावर किमान एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. ट्रेटिनॉइन आणि अडापॅलिनची क्रीमंही बाजूला ठेवा, डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिलही. मुरमांसाठी अॅझेलाइक अॅसिड चालतं. चेहऱ्यावरच्या केसांना थ्रेडिंग आहेच.

वजनाच्या इंजेक्शनांचा प्रश्न नवा आहे. २०२५ साली मौंजारो आणि वेगोव्ही भारतात आल्या आणि पीसीओडीच्या बायकांच्या चिठ्ठ्यांवर दिसू लागल्या. वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड शरीरातून हळूहळू जातं, म्हणून दिवस राहायच्या किमान दोन महिने आधी बंद करायचं. मौंजारोतलं टिर्झेपाटाइड किमान एक महिना आधी. रिबेल्ससची गोळी म्हणजेही सेमाग्लुटाइडच, गोळी आहे म्हणून सौम्य समजू नका. आणखी एक गोष्ट फार कमी जणींना सांगितली जाते: वजन उतरलं की बंद पडलेलं बीजांड पुन्हा सुटू लागतं, आणि टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होऊ शकतो. ‘मला कुठे लवकर राहतात’ या भरवशावर असताना नेमके तेव्हाच राहतात.

बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल तर ती बदलून लॅबेटालॉल, मिथिलडोपा किंवा निफेडिपिन दिली जाते. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन सहसा थांबवतात. दोन्ही बदल डॉक्टरांनीच करायचे. बीपीची गोळी स्वतःहून सोडली तर त्याचाही त्रास आहेच.

पाळी आणायच्या गोळीबद्दल जरा थांबून बोलायला हवं. दोन-दोन महिने पाळी न येणं पीसीओडीत नेहमीचंच, म्हणून मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन किंवा नॉरएथिस्टेरॉनची जुनी चिठ्ठी दाखवून पाच-दहा दिवसांचा कोर्स नेला जातो. बाळासाठी प्रयत्न सुरू झाल्यावर हा कोर्स प्रेग्नन्सी टेस्ट केल्याशिवाय सुरू करायचा नाही, मग लक्षणं काहीही असोत. टेस्टचं किट स्वस्तात मिळतं, दोन घरात असू द्या. चिठ्ठीवर डायड्रोजेस्टेरॉन दिसलं तर गोंधळू नका. काहींना ते पाळी नियमित व्हावी म्हणून देतात, काहींना गर्भ टिकावा म्हणून; आपल्याला कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे विचारून चिठ्ठीवरच लिहून घ्या.

बीजांड सुटण्यासाठी लेट्रोझोल मिळालं की घरात हमखास एक प्रसंग होतो. नवरा किंवा सासूबाई पाकिटातला कागद उलगडतात, त्यात स्तनाच्या कर्करोगाचा उल्लेख वाचतात आणि गोळी बंद होते. औषध मुळात त्या आजाराचं आहे हे खरं. भारतात २०११ साली वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी आली होती आणि २०१७ साली ती उठली, हेही खरं. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ७५० बायकांच्या अमेरिकन चाचणीत लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफेन या बीजांड सुटण्याच्याच दुसऱ्या गोळीवर १९.१ टक्के जणींना. पीसीओडीत आज पहिली पसंती त्यालाच आहे. पाच दिवसांची गोळी आहे, टेस्ट पॉझिटिव्ह येईपर्यंत तिचं काम संपलेलं असतं. फॉलिक्युलर स्टडीच्या, म्हणजे बीजांड कधी सुटतं ते पाहायच्या सोनोग्राफीचे कागद मात्र जपा. पाळी अनियमित असली की शेवटच्या पाळीवरून काढलेली प्रसूतीची तारीख फसवी ठरते, तेव्हा हे कागद आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हाच आधार.

काही गोष्टी सुरू करायच्या आहेत. फॉलिक अॅसिड सर्वांत आधी, दिवस राहायची वाट न बघता. नेहमीचा डोस ४०० मायक्रोग्रॅम. मधुमेह असेल किंवा वजन बरंच जास्त असेल तर अनेक डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतलेलं असेल आणि घरी शाकाहार असेल तर बी-१२ तपासून घ्या, कारण मेटफॉर्मिनने ते उतरतं. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), ७५ ग्रॅम ग्लुकोजची शुगर आणि बीपी याच फेरीत होऊ द्या. टीएसएचच्या आधी दोन-तीन दिवस केसांच्या गमीज बंद ठेवा; त्यातलं बायोटिन रिपोर्ट बिघडवू शकतं आणि विनाकारण डोस बदलला जातो. पीसीओडीसाठी विकल्या जाणाऱ्या इनोसिटॉल या पूरकाच्या पुड्यांवर खर्च करायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. नेदरलँड्समध्ये पीसीओएसच्या (पीसीओडीलाच हेही नाव आहे) गरोदर बायकांवर झालेल्या आणि २०२५ साली निकाल आलेल्या चाचणीत त्याने गरोदरपणातले धोके कमी झालेले दिसले नाहीत. काढे आणि ‘पीसीओडी पावडरी’ यांच्या डब्यांवर घटक नीट लिहिलेले नसतील तर बंद करा, इथे माझं मत ठाम आहे.

टेस्ट पॉझिटिव्ह आली त्या दिवशी पेढ्यांच्या आधी एक फोन. थायरॉईडची गोळी चालू असेल तर गरज लगेच वाढते. बरेच डॉक्टर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायला सांगतात. आपल्यासाठी काय, हे आधीच विचारून ठेवलेलं असलं की त्या दिवशी अपॉइंटमेंटची वाट बघावी लागत नाही. पुढे निम्म्या गरोदरपणापर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच. थांबवायच्या यादीतलं एखादं औषध नकळत चालू राहिलं असेल तर ते बंद करा, शेवटची गोळी कधी घेतली ती तारीख लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. क्रिमसन किंवा साधी गर्भनिरोधक गोळी चुकून काही दिवस पोटात गेली म्हणून गर्भ पाडायचा निर्णय घरी बसून घेऊ नका.

मेटफॉर्मिनचा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याला सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही. ती वारेतून बाळापर्यंत पोचते. पण तिने व्यंग येतं असं दिसलेलं नाही. मग चालू का ठेवायची? नॉर्वे, स्वीडन आणि आइसलंडमध्ये ४८७ बायकांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला पहिल्या तिमाहीच्या शेवटापासून प्रसूतीपर्यंत रोज २००० मिलिग्रॅम दिली, दुसऱ्याला नाही. गरोदरपणातला मधुमेह दोन्ही गटांत सारखाच, साधारण चारातल्या एकीला झाला. म्हणजे शुगर होऊ नये म्हणून ती घेण्यात अर्थ नाही. उशिराचा गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती मात्र आधीच्या चाचण्यांसह हिशेब केला तर कमी दिसली. दुसरीकडे, याच संशोधकांच्या आधीच्या चाचणीतली मेटफॉर्मिन गटातली मुलं चौथ्या वर्षी थोडी जास्त वजनदार आढळली. म्हणून कुणी डॉक्टर टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर बंद करतात, कुणी बारा आठवड्यांनंतर, कुणी शेवटपर्यंत ठेवतात, आणि तिघांकडेही कारण असतं. आपल्याला तिचं कारण कोणतं ते विचारा: नुसती पीसीओडी, आधीपासूनचा मधुमेह, की अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची भीती. मधुमेह असेल तर पर्याय ठरल्याशिवाय एक दिवसही सोडायची नाही. मैत्रिणीची बंद केली म्हणून आपली बंद, हे तर नकोच.

उलट्यांच्या दिवसांत मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्या. अन्नपाणी काहीच टिकत नसेल तर गोळी रेटू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी चावायची किंवा कुटायची नाही. तिचं रिकामं टरफल शौचात दिसलं तरी औषध आत शोषलं गेलेलं असतं. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी, आणि तिच्यात व लोह-कॅल्शियममध्ये चार तास. लोहाची लाल गोळी एका जेवणाला, कॅल्शियम दुसऱ्या, आणि लोहाच्या आगेमागे चहा नाही. हे वेळापत्रक स्वयंपाकघरात लावा. लक्षात ठेवायला नवऱ्याला सांगा.

बाराव्या आठवड्याच्या सुमारास चिठ्ठीवर अॅस्पिरिन दिसू शकेल. पीसीओडीत बीपी वाढून प्री-एक्लॅम्प्सिया होण्याचा धोका जास्त असतो, आणि इतर धोकेही जमून आले की ७५ ते १५० मिलिग्रॅम रात्री देतात, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. ‘रक्त पातळ करायची गोळी गरोदरपणात कशाला’ असं घरात म्हटलं जाईल. उशिरा सुरू केली तर उपयोग कमी होतो, म्हणून हा वाद लवकर मिटवा.

शुगरची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. मेटफॉर्मिन चालू असेल तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना दोन्हीकडे सांगा, तिच्यामुळे आकडा कमी दिसू शकतो. आहाराने भागलं नाही तर इन्सुलिन येतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मेटफॉर्मिनवर ठेवलेल्या ४६ टक्के बायकांना वरून इन्सुलिन लागलंच, तेव्हा ते आलं म्हणून पथ्य हुकलं असं मानू नका. हरतालिका, संकष्टी, नवरात्र यांचं मात्र आधी ठरवा. औषध चालू असताना निर्जळी उपास नको, आणि दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी म्हणजे उपास करूनही शुगर वर.

पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टर बदलतात. डोहाळजेवणाच्या धांदलीत औषधांची बॅग भरायची राहते. चालू औषधांची नवी यादी, थांबवलेल्यांची तारखांसह यादी, सगळे रिपोर्ट, माता व बाल संरक्षण कार्ड, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, महिनाभराच्या गोळ्या. तालुक्याच्या मेडिकलला तोच ब्रँड मिळेलच असं नाही, औषधाचं नाव ठाऊक असलं की अडत नाही. इन्सुलिन थंड ठेवून न्या, पण बर्फाला चिकटवून नाही, गोठलं की ते फुकट. माहेरच्या डॉक्टरांना पोचल्याबरोबर एकदा दाखवा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते. सिझेरियन ठरलेलं असेल तर आदल्या रात्रीची मेटफॉर्मिन, इन्सुलिन आणि अॅस्पिरिन यांचं काय करायचं ते लेखी घ्या.

प्रसूतीनंतर गरोदरपणातल्या मधुमेहाचं इन्सुलिन बहुधा थांबतं आणि थायरॉईडचा डोस पूर्वीच्या जागी येतो, पण जुन्या चिठ्ठीवर विसंबू नका. मेटफॉर्मिन दुधात अगदी थोडी उतरते, पाजताना चालते. आयसोट्रेटिनॉइन आणि वजनाची इंजेक्शनं पाजणं संपेपर्यंत नाहीत. शुगर झाली असेल तर सहाव्या आठवड्यात ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा, आणि डिंकाचे लाडू किती ते आईशी आधीच बोला. क्रिमसनसारख्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या पहिल्या सहा आठवड्यांत अजिबात नाहीत, आणि पाजत असाल तर सहा महिने होईपर्यंत टाळतात. पाळी सुरू व्हायच्या आधी बीजांड सुटू शकतं. तांबी हवी असेल तर प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. तसं आठव्या महिन्यातच डॉक्टरांना सांगून फाइलवर लिहून घ्या.