कपातीनंतर पाळीवर उरलेल्यांना कसं सांभाळायचं

कोल्हापूरजवळचं शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो, गाड्यांच्या कास्टिंगची (ओतीव भागांची) मागणी घटली की फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, माणसं कमी होतात. गेलेल्यांचा निदान हिशेब तरी होतो. राहिलेल्यांच्या वाट्याला दुप्पट काम आणि धास्ती येते.

कपातीच्या दिवशीच, पाळी सुरू होण्याआधी, मालकानं किंवा मॅनेजरनं स्वतः बोलावं. हे सुपरवायझरवर ढकलू नका. किती माणसं गेली, कोणत्या क्रमानं (कायद्याचा सर्वसाधारण नियम त्या त्या कामात शेवटी आलेला आधी असा आहे) आणि पुढचा आढावा कोणत्या तारखेला, एवढं स्पष्ट सांगा. ‘आता कुणीच जाणार नाही’ असं खात्री नसताना बोलू नका. ते एकदा खोटं ठरलं की पुढचं काहीच कुणी ऐकत नाही. गेलेल्यांची नोटीस, भरलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार आणि ग्रॅच्युइटी वेळेत द्या. संध्याकाळी राहिलेले त्यांनाच फोन करून विचारतात, ‘पैसे मिळाले का?’

मग कामाची वही काढा. गेलेला माणूस काय काय करायचा ते एकेक लिहा, रजिस्टरात नसलेलंही: लेडल (वितळलेलं लोखंड ओतायची बादली) तापवून कोरडी करणं, वाळूचा ओलावा बघणं. प्रत्येक कामापुढे नाव लिहा, नाहीतर ‘बंद’ लिहा. ओलसर लेडलमध्ये 1,400 अंशांच्या आसपासचं लोखंड पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळतो. त्यामुळे हे काम ‘बघू कुणीतरी’ म्हणून सोडायचं नाही.

खरी गल्लत फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करण्याच्या कामात, होते. सहाचे चार झाले, भट्टीच्या हीट (धातू वितळवण्याच्या फेऱ्या) मात्र तेवढ्याच. ग्राइंडरपाशी ढीग साचतो, घाईत बर (कडेची धारदार कोर) राहून जाते आणि माल गिऱ्हाईकाकडून परत येतो. अशा वेळी माणसाला दामटू नका, हीट कमी करा. ओव्हरटाइम लागलाच तर दुप्पट दरानं द्या आणि त्याच दोघांना रोज थांबवू नका.

क्रेन किंवा भट्टीवर नवा माणूस घ्यायचा तर किमान दोन आठवडे जुन्या हाताबरोबर ठेवा, एकट्याला सोडू नका. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला चहाच्या वेळी दहा मिनिटं बसून कुठं अडतंय ते विचारा. त्यातली एक तरी अडचण पुढच्या आठवड्याआधी सोडवा.

गेलेल्यांचे फोन नंबर जपून ठेवा. ऑर्डर वाढली की आधी त्यांनाच बोलवायचं. कपातीपासून वर्षभरात भरती केली तर कायद्यानंही पहिला हक्क त्यांचाच आहे.