चिखलणीआधी पायाची भेग बघा

पाऊस लागला, खाचरं भरली, की आधी पाय बघा. टाचेची भेग, बोटांमधल्या चिखल्या, विळ्याचा ओरखडा. दरवर्षी सांगतो, तरी माणसं त्याच पायांनी चिखलात उतरतात. शुगरवालेसुद्धा!

उष्ण प्रदेशातल्या ओल्या मातीत बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅली हा जीवाणू राहतो. पावसात तो वरच्या थरात येतो. त्याचा आजार म्हणजे मेलिऑयडोसिस. 1911 मध्ये रंगूनला व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी तो पहिल्यांदा ओळखला.

भेगेतून जीवाणू आत शिरला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, मागोमाग मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी त्याला गिळतात. बरेच जंतू इथेच संपतात. हा मात्र ज्या पिशवीत कोंडला जातो तीच फोडतो, पेशीत वाढतो आणि शेजारची पेशी जोडून घेऊन तिच्यात सरकतो. पेशीच्या आत असेपर्यंत रक्तातली प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. टी-पेशींसारख्या संरक्षक पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा इशारा देणारा पदार्थ सोडून मॅक्रोफेजना चेव आणतात, तेव्हा कुठे तो आटोक्यात येतो. धडधाकट शरीराला हे बहुधा जमतं. साखर चढलेली असली की न्यूट्रोफिल मंदावतात आणि पहिला बांधच फुटतो. मधुमेहींना सर्वांत जास्त धोका आहे तो यामुळे. अतिमद्यपान, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तरी धोका वाढतो.

उतरण्याआधी: गमबूट, हातमोजे, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी.
नंतर: साबणाने हातपाय धुणे, कोरडे करणे.
एरवी: पाणी उकळून पिणे, वादळी पावसात आडोसा.

जखम ओली असेल तर त्या दिवशी उतरूच नका. सैल बूट चिखलात अडकतो, मग लोक तो बांधावर काढून ठेवतात. आत जाड मोजा घातला तर टिकतो, असा माझा अंदाज आहे. जमीन निर्जंतुक करणारी पावडर कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. वावर या जीवाणूपासून मोकळं करणारं खात्रीचं औषध नाही, माणसासाठी लसही नाही. तो पैसा बुटांना लावा.

चिखलात काम केल्यावर 1 ते 21 दिवसांत ताप, खोकला किंवा गळू आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हा आजार क्षयासारखा दिसतो, म्हणून चिखलातलं काम आणि शुगर दोन्ही स्वतःहून सांगा, कल्चर तपासणीचं (नमुन्यातला जंतू वाढवून ओळखायची) विचारा. पेनिसिलिन, जेंटामायसिनला तो सहसा दाद देत नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान 10 ते 14 दिवस, मग को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या साधारण 3 महिने, डॉक्टर ठरवतील त्या मात्रेत. महिन्याभरात बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या, तर पेशींत दडलेला जीवाणू पुन्हा उठतो.