पुण्यात नवे आहात, ओळखीचं कुणी नाही? तासांचा हिशेब मांडा

नोकरीसाठी पुण्यात आल्यावर पहिले दोन आठवडे खोली, गादी, डबा आणि ऑफिसची कागदपत्रं यांत निघून जातात. खोली खायला उठते ती त्यानंतर. म्हणून आधी एक आठवडा रोज झोपताना वहीत एक ओळ लिहा: आज एकटं कधी वाटलं, किती वाजता. बऱ्याच जणांचं उत्तर रविवारी दुपारी चार ते रात्री आठ असं निघतं. माणसं शोधायची ती त्याच वेळेसाठी. बुधवारी ऑफिसातून थकून आल्यावरचा क्लास लावलात, तर तो महिनाभरात सुटणार.

आता हिशेब. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, चांगल्या मैत्रीला ९० आणि जिवलग मैत्रीला २०० हून जास्त तास लागतात असं दिसलं. शेजारच्या खुर्चीवर बसून काम केल्याचे तास यात फारसे उपयोगाचे नाहीत. गप्पा, खाणं, भटकणं यांचे मोजायचे. आठवड्याला दोन तास भेटलात तर पन्नास तासांना २५ आठवडे, म्हणजे जवळपास सहा महिने. दोन महिन्यांत कुणी जवळचं झालं नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्यांनी हा भागाकार करून पाहावा.

जागा कशी निवडायची

तीन गोष्टी बघा: वार ठरलेला, माणसं तीच, आणि मध्येमध्ये बोलायला फट. जिममध्ये वार आणि माणसं जमतात, पण सगळ्यांच्या कानात इअरफोन. पैसे भरून बसने जाणारा चाळीस जणांचा ट्रेक मजेचा असतो, पण दर खेपेला चेहरे नवे, त्यामुळे तास कुणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. त्यापेक्षा वेताळ टेकडी किंवा तळजाई: एकच वेळ, एकच वाट, आठवड्यातून तीन दिवस. दोन आठवड्यांत मान हलवून ओळख देणं सुरू होतं, पुढचं पाऊल तुम्ही टाकायचं.

सगळ्यांत भराभर तास जमतात ते ढोल-ताशा पथकात. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सराव सुरू होतो. रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस धरले तरी पाच आठवड्यांत पन्नास तास होतात. ताशाला हात बसायला वेळ लागतो, नवख्यांनी ढोल किंवा झांज मागावी. सुरुवातीला बोटं सोलवटतात, कंबर धरते; पट्टी बांधायला जो मदत करतो त्याच्याशीच पहिली ओळख होते. आवाजाचा त्रास होत असेल तर प्रायोगिक नाटकाच्या ग्रुपमध्ये बॅकस्टेजला जा. तिथे माणसं कायम कमी पडतात, आणि तालमीनंतरचा चहा कुणी चुकवत नाही.

सगळ्यांत स्वस्त उपाय मेसचा: डबा खोलीवर मागवू नका. मेसमध्ये जाऊन रोज एकाच वेळी, एकाच टेबलावर जेवा.

जे निवडाल ते सहा वेळा गेल्याशिवाय सोडू नका. पहिल्या दोन खेपांना अवघडल्यासारखं होतंच. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या संशोधनात दिसलं, की पहिल्या गप्पांनंतर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसं प्रत्यक्षाहून कमीच धरतात.

बोलणं आणि बोलावणं

'गाव कोणतं?' ही सुरुवात चांगली. लगेच 'आडनाव काय?' विचारलंत, तर जातीची चौकशी चालली आहे असं वाटून समोरचा मिटतो. त्याऐवजी छोटी मदत मागा: गाडी कुठे दुरुस्त करता, इथली बरी मेस कुठली. समवयस्कांत तिसऱ्या-चौथ्या भेटीला 'अरे-तुरे केलं तर चालेल ना?' एवढं विचारून टाका. 'तुम्ही-आम्ही'त अडकलेली ओळख वर्षभर तिथेच राहते.

चार भेटी झाल्या की जागा बदला. टेकडीवरची ओळख टेकडीवरच ठेवली, तर पावसाळ्यात ती वाहून जाते. 'भेटू कधीतरी' याचा पुण्यात अर्थ 'नाही' असा होतो. असं म्हणा: 'शनिवारी सहाला पर्वती चढू, मग चहा, आठपर्यंत मी मोकळा.' वार, वेळ, जागा आणि शेवट चारही सांगितलं की हो म्हणणं सोपं जातं. मुलगा-मुलगी असाल किंवा संकोच असेल तर तिघांना बोलवा. समोरच्याने नाही म्हणून दुसरा दिवस सुचवला, तर तो होकारच. तीनदा नकार आणि एकदाही दुसरा दिवस नाही, तर थांबा. रुसवा नको, समोर दिसलात की हसून बोला.

पैशाचा घोळ लवकर होतो. दर वेळी तुम्हीच बिल भरलंत तर समोरच्याला ओझं होतं, कधीच भरलं नाहीत तर बोभाटा. आज तू, उद्या मी, आणि सुरुवात टपरीवरून. दोघांचे पगार कळायच्या आधी महागड्या कॅफेत बसू नका.

तास कुठे गळतात

दर शुक्रवारी रात्री स्वारगेटहून सातारा-कोल्हापूरची एसटी पकडणं, हे सगळ्यांत मोठं भगदाड. आईला वाईट वाटेल हे खरं, पण पहिले चार महिने महिन्यातून एकदाच गावी जा आणि मधल्या रविवारी फोन करा. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे तास धरू नका. तिथली गंमत भेट ठरवण्यापुरती. जुन्या मित्राला मात्र आठवड्यातून एकदा फोन हवाच, आणि त्याला सरळ विचारा, 'पुण्यात तुझ्या ओळखीचं कोण आहे?' त्याचा मावसभाऊ कोथरूडला निघतोच.

दोन आठवडे बहुतेक दिवस झोप, भूक उडालेली असेल, आवडीचंही काही करावंसं वाटत नसेल, तर हे नुसतं एकटेपण समजून अंगावर काढू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. टेकडी आणि पथक त्यानंतरही तिथेच आहेत.