अपघातात दुखापत झाली तर भरपाईचा दावा कधी आणि कसा करावा

धडक बसली की चौकातच माणसे जमतात आणि "पोलीस-कचेरी कशाला, दवाखान्याचा खर्च देतो, मिटवून टाकू" असे बोलणे सुरू होते. खरचटण्यावर निभावले असेल तर मिटवायला हरकत नाही. पण मार जोराचा असेल, तर पाच-दहा हजार घेऊन ‘माझी तक्रार नाही’ असे लिहून देऊ नका. गुडघ्याचे लिगामेंट तुटल्याचे अनेकदा सूज उतरल्यावरच कळते, आणि तोवर तो कागद समोरच्याच्या हातात गेलेला असतो.

दावा कोणत्या दुखापतीत करावा

हाड मोडले, सांधा निखळला, दात पडला किंवा पंधरा दिवस रोजची कामे करता आली नाहीत, तर कायद्याने ती गंभीर दुखापत ठरते. अशा वेळी दावा जरूर करावा. चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली पूर्ण भरपाई मागता येते. कलम १६४ मध्ये चूक सिद्ध करावी लागत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये ठरलेले आहेत. मात्र ही रक्कम विमा कंपनीशी तडजोडीत स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. म्हणून कायमचे अपंगत्व येण्याची शक्यता असेल तर तिथे घाई नको.

धडक देऊन वाहन पळाले आणि त्याचा पत्ताच लागला नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख मिळतात. हा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नव्हे, तर उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो. स्वतःचीच गाडी घसरली असेल तर दावा लावायला समोर कोणी नसते. तेव्हा आपल्या पॉलिसीतले मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण पाहावे. ते मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वासाठीच असते.

कारखान्यात, मग तो नागपूरजवळच्या बुटीबोरीचा असो की हिंगण्याचा, कामावर झालेली इजा सामाजिक सुरक्षा संहितेत (नोव्हेंबर २०२५ पूर्वी कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात) किंवा ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात जाते. डॉक्टरांच्या निष्काळजीपणाची तक्रार दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात करावी. पुढची माहिती रस्ते अपघाताची आहे.

पहिले दोन दिवस

नागपूरची मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालये किंवा खासगी दवाखाना, जिथे न्याल तिथे अपघात विभागात डॉक्टर ‘कसे लागले’ हे विचारून लिहून घेतात. बरेच दावे इथेच बिघडतात. पोलिसांचे लचांड नको म्हणून नातेवाईक सांगतात, "गाडी स्लिप झाली." तीन आठवड्यांनी एफआयआरमध्ये ट्रकने मागून धडक दिल्याचे येते, आणि विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तोच केसपेपर पुढे करतो. म्हणून वाहनाचा प्रकार, नंबर आणि जागा पहिल्याच वेळी नीट सांगा. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद) नोंदवून घ्या आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.

दोन्ही वाहनांचे जागेवरचे, नंबरप्लेट दिसणारे फोटो काढा. ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथे एफआयआर द्या. आपण आयसीयूत असाल तर नातेवाईकही देऊ शकतात. उशीर झालाच तर त्याचे कारण फिर्यादीत लिहायला लावा. मे २०२५ पासून लागू असलेल्या योजनेत, नोंदणीकृत दवाखान्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस मिळतात. भरती करतानाच त्याची विचारणा करा.

कागद

एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोषारोपपत्र, समोरच्या वाहनाचे आरसी, लायसन्स, विमा पॉलिसी, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, मूळ बिले. वाहनाचा विमा एम-परिवहन अॅपवर नंबर टाकूनही पाहता येतो. मेडिक्लेमने बिल भरले असले तरी ते जोडा. ती रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५ चा निकाल आहे. उत्पन्नाचा पुरावा मात्र लोकांकडे नसतो. आयकर विवरण नसेल तर बँकेचे स्टेटमेंट, यूपीआयची नोंद, मालकाचे पत्र, जे असेल ते जमवा.

मुदत

अपघातापासून सहा महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. अपंगत्वाचे प्रमाणपत्र उपचार संपल्यावरच मिळते, आणि ते मिळेपर्यंत सहा महिने निघून जातात. दावा आधी दाखल करा, प्रमाणपत्र नंतर जोडता येते. नागपुरात राहणाऱ्याचा अपघात अमरावतीला झाला असला तरी दावा नागपूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

रक्कम कशी ठरते

शिडीवर चढून घरे रंगवणारा ३४ वर्षांचा माणूस महिन्याला १५,००० कमावतो असे धरा. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगार असल्याने भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून २१,००० होतात, म्हणजे वर्षाला २,५२,०००. वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो त्याच्या वयाचा ठरलेला गुणक १६, म्हणून ४०,३२,०००. कमाईची क्षमता ३० टक्के गेल्याचे ठरले, तर १२,०९,६०० रुपये. उपचारखर्च, बुडालेली मजुरी आणि वेदनांचे पैसे वेगळे.

प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच पायाच्या दुखापतीने बैठे काम करणाऱ्याची कमाई कदाचित काहीच घटणार नाही, पण हा शिडीवर चढूच शकत नाही. ते सांगायला उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते. नुसते प्रमाणपत्र जोडून भागत नाही. हेल्मेट नव्हते किंवा राँग साइडने जात होतात, असे निघाले तर रक्कम कापली जाऊ शकते.

तडजोड आणि अपील

लोकअदालतीत पैसे लवकर मिळतात, पण त्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे वरचा हिशेब करूनच आकडा मान्य करा. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील करता येते. फक्त वादाची रक्कम एक लाखाहून कमी असेल तर ते चालत नाही.